वाघाला नाव, माणसाला जमात : चंद्रपूर-गडचिरोलीची छायाचित्रे आणि विद्यापीठीय दालनाची कसोटी

गोषवारा

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांची छायाचित्रे विपुल आहेत. त्यांची समीक्षा मात्र विरळ आहे. विद्यापीठे आणि महाविद्यालये विद्यार्थ्यांची व व्यावसायिकांची छायाचित्रे एकाच भिंतीवर मांडतात, तेव्हा त्यांचे मूल्यमापन प्रामुख्याने रचना, तांत्रिक सफाई आणि परिणाम या निकषांवर होते. प्रस्तुत लेखात चित्राखालची ओळ हा समीक्षेचा निकष मानून या छायाचित्रांचा विचार केला आहे. या प्रदेशाच्या चित्रांत वाघ व्यक्तिनामाने आणि माणूस जमातीच्या नावाने ओळखला जातो. ही विषमता कशी रूढ झाली आणि विद्यापीठीय दालन ती कशी दूर करू शकेल, याची चर्चा येथे केली आहे.

बीजसंज्ञा : छायाचित्र-समीक्षा, विद्यापीठीय दालन, आदिवासी प्रतिमा, ताडोबा, संमती, चित्रओळ.

१. विषयप्रवेश

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. पुढे २०११ मध्ये या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठाची स्थापना झाली. प्रशासनाने वेगळे केलेले हे दोन जिल्हे विद्यापीठाने पुन्हा एका कार्यक्षेत्रात आणले. त्यांना जोडणारा आणखी एक धागा आहे, तो त्यांच्या प्रतिमेचा. उर्वरित महाराष्ट्राने हा प्रदेश प्रत्यक्षात फार थोडा पाहिला आहे. छायाचित्रांतून मात्र तो पुष्कळ पाहिला आहे. पाणवठ्यावरचा वाघ, नृत्यातील माडिया स्त्री-पुरुष आणि बंदूकधारी, मग तो पोलीस असो वा नक्षलवादी, या तीन चित्रांवर या प्रदेशाची सार्वजनिक ओळख उभी आहे. ताडोबाच्या वाटेवर पद्मापूर-दुर्गापूरच्या कोळसाखाणी आहेत, चंद्रपूर शहरालगत २९२० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र आहे. परंतु 'वनवैभव' म्हणून मांडल्या जाणाऱ्या चित्रांच्या चौकटीत त्यांना सहसा जागा मिळत नाही.

अशा प्रदेशातील विद्यापीठीय छायाचित्र-दालन आणि महानगरातील कलादालन यांच्यात एक मूलभूत भेद आहे. मुंबईत नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समधील पिरामल दालन केवळ छायाचित्रांसाठी ओळखले जाते. तेथे गडचिरोलीचे चित्र लागले, तर पाहणारा आणि चित्रातला माणूस यांची गाठ पडण्याची शक्यता जवळजवळ नसते. गडचिरोलीतच ते चित्र लागले, तर दालनात शिरणारा विद्यार्थी चित्रातल्या माणसाचा पुतण्या किंवा भाचा असू शकतो. ज्याची प्रतिमा भिंतीवर आहे तो किंवा त्याचा आप्त समोर उभा राहील, ही शक्यता गृहीत धरून ज्या दालनाची मांडणी झाली, ते दालन आपल्या भूमीचे ठरले. ही शक्यता ज्याच्या ध्यानीमनीही नाही, ते दालन कोठेही असले तरी परक्याचेच राहते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य हेच आहे, आणि त्याची परीक्षा चित्रात जितकी होते त्याहून अधिक चित्राखालच्या ओळीत होते.

२. नाव असलेला वाघ

ताडोबाच्या वाघांची नावे छायाचित्रकारांच्या जगात सर्वतोमुखी झाली आहेत. 'माया' ही वाघीण देशातील सर्वाधिक छायाचित्रित वाघिणींपैकी एक मानली जाई. २०२३ च्या पावसाळ्यानंतर ती दिसेनाशी झाली, तेव्हा ती बातमी ठरली. 'मटकासूर', 'वाघडोह', 'छोटी तारा' ही नावेही अशीच रूढ झाली. या नावांच्या बळावर छायाचित्रांना चरित्राचे रूप येते. मायाची पिल्ले, तिचे क्षेत्र, तिची भांडणे, तिचे म्हातारपण असा क्रम पाहणाऱ्याच्या मनात तयार होतो आणि प्रत्येक नवे चित्र त्या चरित्रातील पुढचे पान ठरते. पाहणारा 'एक वाघ' पाहत नाही. तो मायाला पाहतो. सहानुभूती नावापाशी येऊन थांबते, हे या चित्रांनी निर्विवादपणे सिद्ध केले आहे.

नावामागे शास्त्राचाही आधार आहे. प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची रचना वेगळी असते. एकाच वाघाच्या डाव्या व उजव्या कुशीवरील पट्टेही सारखे नसतात. म्हणून गणनेसाठी वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरा ट्रॅप बसवले जातात. २०१८ च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे बसवण्यात आले आणि ३,४८,५८,६२३ प्रतिमा मिळाल्या; त्यांपैकी ७६,६५१ प्रतिमा वाघांच्या होत्या. या प्रचंड प्रतिमासंग्रहातून एकेक वाघ स्वतंत्र व्यक्ती म्हणून वेगळा काढण्यासाठी केवढे श्रम घेतले गेले असतील, याची कल्पना करता येते. वाघाची ओळख पटवणे हे राष्ट्रीय कार्य मानले गेले आणि ते योग्यच झाले.

मात्र याच अरण्याच्या नावाची कथा येथे आठवावी लागते. ताडोबा हे नाव 'तारू' या नावावरून आले असे परंपरा सांगते. तारू हा गोंड गावप्रमुख होता. वाघाशी झालेल्या झुंजीत त्याचा अंत झाला आणि पुढे तो देवत्वास पोहोचला. तलावाच्या काठी त्याचे ठाणे आहे आणि पौष महिन्यात तेथे आदिवासींची यात्रा भरण्याची परंपरा आहे. १९५५ साली घोषित झालेल्या या राष्ट्रीय उद्यानाला जे नाव मिळाले, ते वाघाशी झुंजलेल्या माणसाचे आहे. लोकपरंपरेने माणूस आणि वाघ या दोघांनाही एकाच कथेत जागा दिली आणि नाव माणसाचे राखले. आधुनिक छायाचित्राने हा क्रम उलटा केला. त्याने वाघाला नाव दिले आणि माणसाला चौकटीबाहेर काढले. जेथे तो चौकटीत राहिला, तेथे 'स्थानिक आदिवासी' एवढीच त्याची ओळख उरली.

३. वर्गीकरणाचा वारसा

माणसाला जमातीच्या नावाने ओळखण्याची ही रीत आजच्या छायाचित्रकाराने निर्माण केलेली नाही. ती त्याला वारशाने मिळाली आहे, आणि या वारशाचा आरंभ शिक्षणसंस्थेपासून फार दूर नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत १८५५ च्या सुमारास छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. हरिश्चंद्र चिंतामण हे आद्य भारतीय व्यावसायिक छायाचित्रकारांपैकी एक, ते याच वर्गात शिकले. महाराष्ट्रात विद्यार्थी छायाचित्रकार आणि व्यावसायिक छायाचित्रकार हे नाते इतके जुने आहे. त्याच सुमारास मुंबईत विल्यम जॉन्सन हे शहरातील निरनिराळ्या जाती-जमातींची छायाचित्रे घेत होते. १८६० च्या दशकात ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांत माणसांच्या प्रतिमा वेगळ्या पार्श्वभूमीवर जोडलेल्या आढळतात. माणूस एका ठिकाणचा, देखावा दुसऱ्या ठिकाणचा आणि खाली जातीचे नाव, अशी ती रचना होती.

१८५७ नंतर हीच दृष्टी शासकीय झाली. फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के यांनी संपादित केलेला 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा ग्रंथ १८६८ ते १८७५ या काळात प्रसिद्ध झाला. राज्यकर्त्यांना प्रजेचे प्रकार ओळखता यावेत, हा त्याचा हेतू लपून राहिलेला नाही. मध्य प्रांतापुरते पाहिले तर रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा जाती-जमातींवरील चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये आला. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतातच होता. या ग्रंथाचे अभ्यासमूल्य आजही नाकारता येत नाही. परंतु त्यातील छायाचित्रांखालच्या ओळी वाचल्या की समोर येतात ते गोंड, त्यांचे नृत्य, त्यांचा प्रवास. त्या नाचणाऱ्या किंवा प्रवास करणाऱ्या माणसांपैकी कोणाचे नाव काय, हा प्रश्न त्या ग्रंथाच्या योजनेत बसत नव्हता. नमुन्याला नाव नसते, क्रमांक असतो.

पुढील पिढीचे अभ्यासक अधिक जवळ गेले. ग्रिगसन यांचा बस्तरच्या माडिया गोंडांवरील ग्रंथ १९३८ मध्ये आणि फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचा आदिलाबादच्या राजगोंडांवरील ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. बस्तर आणि आदिलाबाद हे दोन्ही प्रदेश चांद्याच्या जंगलाला लागून असल्याने या ग्रंथांतील चेहरे भामरागड किंवा राजुऱ्याच्या वाचकाला परके वाटत नाहीत. हायमेनडॉर्फ यांनी गोंडांच्या गावात राहून काम केले, त्यांच्या शिक्षणाचा आणि जमिनीचा प्रश्न हाती घेतला. त्यांची सहृदयता संशयातीत आहे. तरीही त्यांची छायाचित्रे आज लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज या संस्थेत जतन केलेली आहेत. आपल्या आजोबांचा चेहरा पाहण्यासाठी गोंड नातवाला लंडनच्या संग्रहाकडे वळावे लागते, यात दोष एका व्यक्तीचा नाही. चित्र कोणाच्या घरी राहावे याविषयीच्या गृहीतकाचा तो दोष आहे.

सुनील जाना यांचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची त्यांनी काढलेली छायाचित्रे भारतीय वृत्तछायाचित्रणातील थोर कामगिरी होय. व्हेरिअर एल्विन यांच्यासमवेत त्यांनी मध्य भारतातील आदिवासी प्रदेशात प्रवास केला. त्यांचा आदिवासींवरील ग्रंथ १९९३ मध्ये प्रकाशित झाला. त्यांच्या चित्रांतील आदिवासी हा नमुना नाही; तो देखणा आहे, आत्मविश्वासाने उभा आहे, कॅमेरा बहुधा किंचित खालून त्याच्याकडे पाहतो. मानववंशशास्त्रीय तक्त्यातून जाना यांनी माणसाला सोडवले, हे श्रेय त्यांना द्यावेच लागेल. परंतु सोडवलेल्या त्या माणसाला त्यांनी सौंदर्याच्या स्वाधीन केले. 'मुरिया तरुणी' हा शब्दप्रयोग तक्त्यातही होता आणि येथेही राहिला. हेतू बदलला, प्रकाशयोजना बदलली, कोन बदलला. ओळ तीच राहिली.

४. नाव केव्हा येते

आजच्या वृत्तपत्रीय छायाचित्रांत या प्रदेशातील सामान्य माणसाचे नाव येतच नाही, असे म्हणता येणार नाही. ते येते, परंतु केव्हा येते हे पाहणे उद्बोधक ठरते. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. अशा घटनेनंतर मृतांची नावे, वये, गाव ही सारी माहिती छापून येते, कारण ती पंचनाम्यात असते. मोहफुले वेचताना, तेंदूपानांचे पुडे बांधताना, सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन परतताना त्याच वयाच्या, त्याच गावांतल्या स्त्रियांची असंख्य छायाचित्रे निघालेली असतात. तेथे त्या 'मोहफुले वेचणारी स्त्री' असतात. जिवंतपणी श्रमाचे नाव आणि मरणानंतर स्वतःचे नाव, असा हा हिशेब आहे.

तिसऱ्या चित्राची, म्हणजे बंदुकीच्या चित्राची, कथाही निराळी नाही. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव उर्फ भूपती याने साठ सहकाऱ्यांसह शरणागती पत्करली. या घटनेची छायाचित्रे सर्वत्र प्रसिद्ध झाली. बहुतेक मथळ्यांत नाव एक होते. उरलेले साठ हा आकडा होता. त्या आकड्यात कोणत्या गावची मुले-मुली होती, ती किती वर्षांनी परतली, त्यांना कोणी ओळखले, हे चित्र सांगत नाही. इतिहासाच्या मोठ्या क्षणीही या प्रदेशातील माणूस बहुवचनातच राहतो.

याला जोडूनच कॅमेरा ट्रॅपचा विचार करावा लागेल. वाघासाठी लावलेले हे यंत्र वाटेने जाणाऱ्या माणसालाही टिपते. उत्तराखंडातील कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात झालेला आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास येथे मार्गदर्शक आहे. जंगलात जाणाऱ्या स्त्रिया एरवी मोठ्याने बोलत, गात जात. त्यामुळे श्वापदे दूर राहत. कॅमेरे आपल्याला पाहत आहेत या जाणिवेने त्यांचे हे बोलणे-गाणे दबले, असे त्या अभ्यासात नोंदवले आहे. म्हणजे केवळ पाहिले जाण्यानेही माणसाचे वागणे बदलते आणि त्याची सुरक्षितता कमी होऊ शकते. छायाचित्र हे निरुपद्रवी असते, ते कोणाचे काही घेत नाही, ही समजूत यानंतर टिकत नाही. जंगलावर उपजीविका असलेल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांतही हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

५. विद्यार्थ्याचा कॅमेरा

येथे विद्यार्थ्याच्या छायाचित्राचा विचार क्रमप्राप्त ठरतो. या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालयीन विद्यार्थी हा ज्यांची छायाचित्रे निघत आली त्या समाजांतून आलेला आहे, आणि आता त्याच्या हाती मोबाइलचा कॅमेरा आहे. माडिया, गोंडी, झाडीबोली, सिरोंचा भागात तेलुगू, यांपैकी एखादी भाषा त्याच्या घरची आहे. चित्रातल्या बाईला तो 'आत्या' किंवा 'काकू' म्हणतो. तिचे नाव त्याला विचारावे लागत नाही. व्यावसायिक छायाचित्रकाराला जे ज्ञान महिनाभर राहूनही मिळणार नाही, ते याच्यापाशी जन्मतः आहे. याच्या चित्रात स्वयंपाकघरातून काढलेला दरवाजा असतो; बाहेरच्याच्या चित्रात दरवाजातून काढलेले स्वयंपाकघर असते. पाहण्याची जागाच निराळी आहे.

तथापि केवळ जन्मसिद्ध जवळीक हे कलामूल्य नव्हे. विद्यार्थ्यांची पुष्कळ छायाचित्रे ही त्यांनी पाहिलेल्या छायाचित्रांची नक्कल असतात. स्वतःच्या आत्याला तो दिनदर्शिकेतील 'आदिवासी वृद्धा' बनवतो. सुरकुत्या ठळक दिसाव्यात म्हणून रंग काढून टाकतो आणि खाली 'जीवनसंघर्ष' असे लिहितो. आत्याचे नाव त्याला ठाऊक असते, तरी तो ते लिहीत नाही, कारण छायाचित्राखाली नाव लिहायचे नसते असेच तो शिकलेला असतो. येथे दोष विद्यार्थ्याचा नाही; त्याला घडवणाऱ्या निकषांचा आहे.

हे निकष कोठून येतात? आपल्या विद्यापीठांत विद्यार्थी-छायाचित्रणाचे एक रूढ व्यासपीठ म्हणजे युवक महोत्सवातील तत्क्षण छायाचित्रण स्पर्धा. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या प्रचलित नियमांनुसार स्पर्धकाने दिलेल्या विषयावर अडीच तासांत पाच छायाचित्रे काढावयाची असतात. परिणाम, रचना, तांत्रिक गुणवत्ता आणि विषयाशी सुसंगती हे मूल्यमापनाचे निकष आहेत. चित्रांच्या वापराचे हक्क आयोजकांकडे राहतात. स्पर्धा म्हणून हे नियम गैर नाहीत. अडीच तासांत याहून अधिक काय पारखणार? परंतु स्पर्धेचे निकष जेव्हा दालनाचे निकष होतात, तेव्हा अडचण निर्माण होते. या निकषांत छायाचित्रकार आहे, परीक्षक आहे, आयोजक आहे. चित्रातला माणूस कोठेही नाही. त्याला विचारले काय, त्याला चित्र दाखवले काय, त्याचे नाव काय, या प्रश्नांना एकही गुण नाही.

अडीच तासांच्या स्पर्धेपलीकडे विद्यापीठात छायाचित्रण कसे रुजू शकते, याचे उदाहरण बडोद्याने घालून दिले आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेतील ज्योती भट्ट हे मूळचे चित्रकार व मुद्राचित्रकार. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्यांनी गावोगावच्या भिंतीवरील व अंगणातील चित्रे, गोंदण, घरे यांची छायाचित्रे काढण्यास आरंभ केला आणि हे काम दशकानुदशके चालवले. शिल्पकार राघव कनेरिया यांचीही त्यांना साथ लाभली. त्यांनी टिपलेल्या कित्येक भिंती आज उरलेल्या नाहीत. त्या कामाचे महत्त्व दुहेरी आहे. ते स्वतंत्र कलाकृती म्हणून उभे राहते आणि स्थळ-काळाच्या नोंदींमुळे दस्तऐवज म्हणूनही उपयोगी पडते. शिक्षकच दीर्घकाळ एखादे काम करीत राहिला, तर विद्यार्थ्याला तंत्रासोबत चिकाटीचाही धडा मिळतो. व्यावसायिकाचे काम विद्यार्थ्याच्या कामाशेजारी मांडण्याचा खरा लाभ येथे आहे. व्यावसायिकाकडून विद्यार्थ्याने प्रकाश, अंतर, प्रतीक्षा आणि निवड शिकावी. विद्यार्थ्याकडून व्यावसायिकाने नाव, नाते आणि भाषा शिकावी. दालन हे या देवाणघेवाणीचे ठिकाण झाले नाही, तर एका भिंतीवर थोरांची आणि दुसऱ्या भिंतीवर होतकरूंची चित्रे एवढेच त्याचे स्वरूप राहील.

६. दालनाची कसोटी

विद्यापीठीय दालनाने काय जपावे, याचा एक विस्तृत आदर्श अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठात आढळतो. छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स आणि विद्यापीठाचे तत्कालीन अध्यक्ष जॉन शेफर यांच्या पुढाकाराने १९७५ मध्ये टूसॉन येथे सेंटर फॉर क्रिएटिव्ह फोटोग्राफी स्थापन झाले. तेथे छायाचित्रांच्या प्रतींबरोबर निगेटिव्ह, पत्रव्यवहार आणि टिपणेही जतन केली जातात. छायाचित्र म्हणजे केवळ भिंतीवरची प्रत नव्हे, तिच्यामागची सारी प्रक्रिया अभ्यासाचा विषय आहे, ही त्यामागची भूमिका विद्यापीठाला साजेशी आहे. गडचिरोलीसाठी या भूमिकेत एक भर घालावी लागेल. तेथे छायाचित्रकाराची कागदपत्रे जपली जातात. येथे चित्रातल्या माणसाची नोंदही जपली गेली पाहिजे.

या संदर्भात धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाचा अनुभव अर्थपूर्ण आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तथापि हक्क मिळूनही बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना मिळेना. अखेरीस एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. एक बांबू गावाबाहेर नेण्यासाठी एवढा झगडा करावा लागला. याच काळात, त्याआधी आणि त्यानंतर, या जिल्ह्यातील गावांतून हजारो छायाचित्रे बाहेर गेली. त्यांना कोणताही वाहतूक परवाना लागला नाही. कोण घेऊन गेला, कोठे गेली, कोठे छापली गेली, याची नोंद कोणत्याही ग्रामसभेपाशी नाही. बांबूइतकीच प्रतिमाही गावाची आहे, असे मानले तर दालनाचे उत्तरदायित्व स्पष्ट होते. मेंढा गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची आणि अभ्यासगटात बसून विषय समजून घेण्याची पद्धत रुजवली. कोणते चित्र दालनात लागावे आणि खाली काय लिहावे, हे ठरवण्यासाठी याहून योग्य नमुना शोधण्याची आवश्यकता नाही.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला कलावादी आहे : चित्र स्वतः बोलते, नावाने ते एका व्यक्तीपुरते संकुचित होते आणि त्यातील मानवी सार्वत्रिकता हरवते. ताडोबाच्या वाघांनीच या आक्षेपाचे उत्तर दिले आहे. मायाला नाव मिळाल्याने तिचे चित्र संकुचित झाले नाही. उलट ते लाखो लोकांना आपले वाटले. जे वाघाच्या बाबतीत खरे ठरले, ते माणसाच्या बाबतीत खोटे ठरण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर असून तो या प्रदेशाच्या अनुभवातून आला आहे. गडचिरोलीच्या दुर्गम भागातील माणूस दशकानुदशके दोन बंदुकांच्या मध्ये जगला. कोणाचा चेहरा कोणाबरोबर दिसला, कोणाचे नाव कोठे छापले गेले, यावर जिवाचा प्रश्न उभा राहू शकत होता. अशा ठिकाणी नाव लिहिण्याचा आग्रह क्रौर्याचा ठरणार नाही काय? हा आक्षेप मान्य करूनच पुढे जावे लागते. नाव विचारणे आणि नाव छापणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत. पहिली छायाचित्रकाराचे कर्तव्य आहे. दुसरी चित्रातल्या माणसाचा अधिकार आहे. 'नाव राखून ठेवले आहे' ही ओळ आणि 'माडिया स्त्री' ही ओळ, या दोन्हींत नाव नाही. तरीही त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिली ओळ सांगते की तिला विचारले होते आणि तिने ठरवले. दुसरी ओळ सांगते की विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही. समीक्षकाने दालनात पाहावयाचा फरक हाच आहे.

यातून दालनाच्या व्यवहारासाठी काही गोष्टी ओघाने येतात. प्रत्येक चित्रासोबत स्थळ, दिनांक, छायाचित्रकार आणि संमतीची नोंद असलेली वही असावी; भिंतीवर काय यावे हे त्या नोंदीवरून ठरावे. चित्राखालची ओळ मराठीबरोबर, जेथे लागू असेल तेथे, गोंडी, माडिया किंवा तेलुगूतही लिहिली जावी. ती ओळ लिहिण्याचे काम भाषा विभागाच्या विद्यार्थ्यांकडे सोपवता येईल. प्रदर्शन जिल्ह्याच्या ठिकाणी भरण्यापूर्वी ते त्या गावी दाखवले जावे आणि एक प्रत गावात राहावी. ताडोबाच्या गाभाक्षेत्रातून बोटेझरी, नवेगाव, जामणी यांसारखी गावे हलवली गेली. त्या गावांची जुनी छायाचित्रे घरोघरी ट्रंकेत, लग्नाच्या संग्रहात असतील. ती मिळवून त्यांच्या प्रती करणे हे राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला सहज करता येण्याजोगे काम आहे. या संग्रहात व्यावसायिक सफाई नसेल; परंतु ज्या जागी आज वाघाचे छायाचित्र निघते, त्या जागी कोणाचे अंगण होते, हे दाखवणारा तोच एक पुरावा असेल. मायाच्या चित्राशेजारी ते अंगण टांगले गेले, तर दोन्ही चित्रांचा अर्थ बदलेल आणि दोन्ही अधिक खरी होतील.

७. समारोप

चंद्रपूर-गडचिरोलीच्या छायाचित्रांनी वाघाला व्यक्ती केले, ही त्यांची मोठी सिद्धी आहे. त्याच छायाचित्रांनी माणसाला प्रकार म्हणून ठेवले, ही त्यांची मोठी उणीव आहे. ही उणीव दीडशे वर्षांच्या वर्गीकरणाच्या सवयीतून आली असून, चांगल्या हेतूने काम करणारे थोर छायाचित्रकारही तिच्यातून सुटलेले नाहीत. विद्यापीठीय दालनाला ही सवय मोडण्याची संधी आहे, कारण त्याच्यापाशी व्यावसायिकाची नजर आणि विद्यार्थ्याची जवळीक या दोन्ही गोष्टी एकाच छताखाली येऊ शकतात. त्यासाठी खर्चिक वास्तू किंवा महागडी उपकरणे ही पहिली गरज नव्हे. छायाचित्र काढल्यानंतर दोन मिनिटे थांबून नाव विचारण्याची आणि मिळालेल्या उत्तराचा मान राखण्याची शिस्त ही पहिली गरज होय. ज्या अरण्याने एका माणसाचे नाव देवाचे नाव म्हणून जपले, त्या अरण्यातील विद्यापीठाकडून एवढी अपेक्षा करणे अवाजवी ठरू नये.